ऑनलाइन वंशावळीतून नाहीशी झालेली माणसं परत कशी आणायची?

मागच्या व्याख्यानात आपण घराण्याची वंशावळ ऑनलाइन कशी भरायची ते पाहिलं होतं. त्यानंतर जे निरोप आले, त्यांतल्या बऱ्याच जणांची तक्रार एकच होती. दिवाळीच्या सुटीत बसून पणजोबा, त्यांचे भाऊ, बहिणी, सगळं भरलं. संक्रांतीला उघडून पाहिलं तर दोन बहिणी नाहीत, एक भाऊ नाही. कुणी पुसले? परत कसे आणायचे? आज तेवढंच पाहू.

एक गोष्ट मात्र सुरुवातीलाच सांगून टाकतो, कारण अर्धं व्याख्यान ऐकून मोबाइल हातात घेणारी मंडळी आपल्यात आहेत. माणूस दिसला नाही म्हणून तो पुन्हा नव्यानं भरू नका. जुनी नोंद बहुतेक वेळा कुठेतरी शाबूत असते. तुम्ही नवी केलीत की एकाच माणसाच्या दोन नोंदी होतात, मग तिसरा कुणीतरी येऊन त्या चुकीच्या पद्धतीनं एकत्र करतो, आणि गुंता दुप्पट होतो. आधी शोध, मग भर.

आता हे होतं कसं? फॅमिलीसर्चवर सगळ्या जगाचं मिळून एकच झाड आहे. जीनी आणि विकीट्री यांचा हेतूही तोच, नियम थोडे वेगळे. आज आम्ही फॅमिलीसर्चच धरून बोलणार, कारण आमचं काम तिथे आहे आणि ते फुकट आहे. एक झाड म्हणजे काय, तर तुमच्या पणजोबांची नोंद ही तुमची मालमत्ता नाही. ती एकच नोंद, आणि तुमचा चुलतभाऊ, आतेभाऊ, किंवा तुमच्याशी काही संबंध नसलेला अमेरिकेतला एखादा उत्साही माणूससुद्धा तिच्यात बदल करू शकतो. पूर्वी वंशावळ ट्रंकेत असायची आणि ट्रंकेची किल्ली एकाकडे. कुलवृत्तांत छापला तर संपादक ठरलेला, चूक राहिली तर पुढच्या आवृत्तीपर्यंत राहायची. इथे आवृत्ती रोज निघते आणि संपादक कोण ते ठरलेलं नाही.

पण त्या बदल्यात एक सोय मिळते. आपल्या वऱ्हाडातल्या माणसाला ती समजावून सांगायला सोपी आहे. सातबाऱ्यावर आज जमीन कुणाच्या नावानं आहे एवढंच दिसतं. ती त्याच्याकडे कशी आली, कुणाचं नाव कधी कमी झालं, कोणत्या कागदावरून, हे फेरफारात असतं. ऑनलाइन झाड म्हणजे सातबारा. आणि प्रत्येक माणसाच्या पानावर जी बदलांची यादी असते, ती म्हणजे फेरफार. कुणी, कोणत्या तारखेला, काय बदललं, आणि लिहिलं असेल तर का, हे सगळं तिथे असतं. माणूस हरवला की लोक झाडाकडे बघत बसतात. बघायचा असतो फेरफार.

आमच्याच घरचं उदाहरण घेऊ. आम्ही म्हणजे एका घराण्याची वंशावळ सांभाळणारे चौघे, दोघे अमरावतीत, एक अकोल्यात, एक पुण्यात. मूळ गाव दर्यापूर तालुक्यातलं. आमच्या आजोबांची थोरली बहीण पातूरला दिलेली. तिची मुलगी, म्हणजे नात्यानं आमची आत्या, आज अकोल्यात असते, ऐंशीच्या पुढची आहे. तिच्या नातीनं मोबाइलवर तिला आजोळचं झाड दाखवलं. आत्यानं सगळी नावं वाचून घेतली आणि रात्री आम्हाला फोन. नमस्कार नाही, चमत्कार नाही. "काहून रे, माह्या मायचं नाव कुठी आहे? भावाईचे नावं हायेत, तिचं काहून काढलं?"

आम्ही काढलं नव्हतं. दोन वर्षांपूर्वी आम्हीच ते भरलं होतं. पण झाडावर आजोबा होते, त्यांचे दोन भाऊ होते, आत्याआजी नव्हती. नाव टाकून शोधलं तर दहा-बारा बायका निघाल्या, त्यांत आमची नाही. तेव्हा आम्हीही तेच म्हणालो जे तुम्ही निरोपात लिहिलंत, की कुणीतरी पुसलं.

पुसलेलं नव्हतं. फॅमिलीसर्चवर प्रत्येक माणसाला इंग्रजी अक्षरं आणि आकडे मिळून एक ओळख क्रमांक असतो. नावं शेकडो जुळतात, हा क्रमांक कुणाशी जुळत नाही. आमच्यापैकी एकानं जुना स्क्रीनशॉट जपून ठेवला होता, त्यावर आत्याआजीचा क्रमांक होता. तो टाकला तर पान उघडलं ते भलत्याच बाईचं. म्हणजे तिची नोंद दुसऱ्या कुणाच्या नोंदीत विलीन केलेली होती. एकत्रीकरणात दोनपैकी एक क्रमांक राहतो, दुसरा त्याच्याकडे वळवला जातो. म्हणून सांगतो, घरातल्या प्रत्येक गेलेल्या माणसाचा क्रमांक वहीत लिहून ठेवा. वीस नावं लिहायला अर्धा तास लागतो. तो स्क्रीनशॉट नसता तर आम्ही अजून चाचपडत असतो.

मग आम्ही जुन्या क्रमांकाची बदलांची यादी उघडून खालून वर वाचत गेलो. आणि इथे आमची मान खाली गेली. सगळ्यात पहिली चूक आमचीच होती. आत्याआजीची जन्मपत्रिका ट्रंकेत सापडली होती. तिच्यावर शके १८३४. आमच्यापैकी ज्यानं माहिती भरली त्यानं सरळ १८३४ टाकलं. शकाच्या आकड्यात ७८ मिळवले की इसवी सन येतो, जानेवारी ते मार्चमधली तिथी असेल तर ७९. म्हणजे ती १९१२ सालची. पण झाडावर काय झालं, तर वडलांचा जन्म १८८५ आणि मुलीचा १८३४. परदेशातला एक स्वयंसेवक अशा अशक्य तारखा शोधत फिरत होता, त्याला ही सापडली. त्यानं बाप-लेकीचा दुवा तोडला आणि कारणही लिहून ठेवलं, की मुलगी बापापेक्षा पन्नास वर्षांनी मोठी असू शकत नाही. त्याचं काय चुकलं? काहीच नाही. शके म्हणजे काय हे त्यानं कशाला जाणावं.

फसलीचंही असंच. वऱ्हाड १८५३ पर्यंत निजामाच्या कारभारात होतं. त्यामुळे महसुलाच्या जुन्या कागदांवर फसली सन भेटतो. दख्खनच्या फसलीत साधारण ५९० मिळवायचे, म्हणजे १३१० फसली हा १९०० च्या आसपासचा कागद. १३१० असंच भरलंत तर तुमचे खापरपणजोबा यादवांच्या काळात जाऊन बसतील. (हशा)

दुवा तुटला की माणूस पुसला जात नाही, लोंबकळत राहतो. आई नाही, बाप नाही, गाव असेल-नसेल. अशी नोंद धोक्यात असते, कारण यंत्रणा जुळणाऱ्या नोंदी सुचवत असते आणि कुणीतरी ती सूचना स्वीकारतो. आत्याआजीच्या नावाची, त्याच आडनावाची एक बाई कारंज्याची होती. कोणतं कारंजा? कारंजा लाड वाशीम जिल्ह्यात, जो १९९८ पर्यंत अकोल्याचाच भाग होता. आणि कारंजा घाडगे वर्धा जिल्ह्यात. ही बाई वर्ध्याकडची. पण कुणाला तरी वाटलं की अकोला जिल्ह्यातलं पातूर, अकोला जिल्ह्यातलं कारंजा, नाव एक, माहेरचं आडनाव एक, तर बाई एकच. केलं एकत्र. आमच्या आत्याआजीला त्या दिवशी दुसरा नवरा मिळाला आणि चार परकी मुलं.

गावांच्या नावांवर जरा थांबू या, कारण वऱ्हाडात माणसं हरवण्याचं हे फार मोठं कारण आहे. अमरावती जिल्ह्यातच चांदूर बाजार आहे आणि चांदूर रेल्वे आहे. अंजनगाव सुर्जी आहे आणि बडनेऱ्याजवळ अंजनगाव बारी आहे. नुसतं चांदूर लिहिलंत की संपलं. बार्शीटाकळी लिहिताना टाकळी गाळली तर माणूस सोलापूरच्या बार्शीला जातो. सगळ्यात गंमत अकोल्याची. अहिल्यानगर जिल्ह्यात अकोले तालुका आहे, इंग्रजी कागदांत तोही कधी कधी अकोला म्हणूनच लिहिलेला सापडतो. संगणक गावांची यादी समोर ठेवतो, आपण घाईत पहिलं नाव निवडतो, आणि वऱ्हाडातलं कुटुंब प्रवरेच्या काठी जाऊन राहतं.

जुनी इंग्रजी नावं वेगळीच. अचलपूरचं एलिचपूर, वाशीमचं बासिम. १९०५ पर्यंत हे दोन स्वतंत्र जिल्हे होते, मग एलिचपूर अमरावतीत आणि बासिम अकोल्यात गेलं. म्हणजे १९०० सालच्या कागदावर एलिचपूर जिल्हा दिसला तर ती चूक नाही, तेव्हाचं ते खरं आहे. त्याहून जुन्या कागदांवर 'हैदराबाद असाइन्ड डिस्ट्रिक्ट्स' असं असतं. ते आपलं वऱ्हाडच, पण वाचणारा हैदराबाद शहर समजतो. आम्ही आता गावाचं नाव भरताना त्या काळचा जिल्हा लिहितो, आणि टिपणीत आजचा तालुका-जिल्हा मराठीत लिहितो. टिपणीत मराठी लिहायला कुणाची आडकाठी नाही.

आडनावांची कथाही तीच. इंगळे आणि इंगोले ही दोन्ही आपल्याकडची भरपूर आढळणारी आडनावं, पण वेगळी. रोमन लिपीत एका स्वराचा फरक, आणि जुन्या कारकुनानं तो पाळलेला असेलच असं नाही. उलट वानखडे आणि वानखेडे एकाच घरातल्या दोन भावांच्या टीसीवर वेगवेगळं सापडतं. देशमुख तर वतन. डॉ. पंजाबराव देशमुखांच्या घराण्याचं मूळ आडनाव कदम. म्हणजे दोन देशमुख एका गावात दिसले म्हणून ते भाऊबंद असतीलच असं नाही, आणि एक देशमुख व एक कदम दिसले म्हणून परके असतीलच असंही नाही.

बरं, परत आत्याआजीकडे. एकत्र झालेल्या दोन बायका वेगळ्या करायच्या होत्या. एकत्रीकरणानंतर त्या नोंदीत कुणी काहीच बदल केलेला नसेल तर ते सरळ उलटवता येतं, एका बटणाचं काम. पण बदल झालेले असतील तर तसं होत नाही. मग विलीन झालेली जुनी नोंद पुनर्स्थापित करायची आणि नवरा, मुलं, तारखा, गावं, एकेक करून ज्याची त्याच्याकडे द्यायची. आमच्या बाबतीत त्या कारंज्याच्या बाईच्या पणतूनं बरेच बदल करून ठेवले होते. त्याला आम्ही आधी निरोप पाठवला. हे नक्की करा. समोरचा माणूस तितकाच आपल्या पणजीसाठी झटत असतो, आणि त्याला न सांगता तुम्ही उलटापालट केली तर तो उद्या परत तुमची माणसं तोडणार. त्यानं विचारलं, तुमची वेगळी आहे याला पुरावा काय?

रास्त प्रश्न. आणि खरं सांगायचं तर आमच्याकडे सांगोवांगीशिवाय काही नव्हतं. आत्या म्हणाली, "पुरावा कायचा पाह्यजे? मी हाओ ना." पण झाडाला तेवढं पुरत नाही.

पहिला पुरावा स्वयंपाकघरात निघाला. पूर्वी आहेराच्या भांड्यांवर देणाऱ्याचं नाव, गाव, तारीख घालायची पद्धत होती, ती तुम्हाला माहीत आहे. गावच्या घरी एक पितळी गुंड आहे, पाणी तापवायला काढतात. त्याच्यावर आत्याआजीचं सासरचं पूर्ण नाव, खाली पातूर, आणि तिच्या धाकट्या भावाच्या लग्नाची तारीख. आम्ही लहानपणापासून तो गुंड पाहत होतो. घरातली भांडी एकदा उलटीसुलटी करून वाचा. मोडीत निघण्याआधी फोटो काढून ठेवा.

दुसरा पुरावा खऱ्याखुऱ्या फेरफाराचा. आत्याआजीचे वडील १९६१ साली वारले. हिंदू उत्तराधिकार कायदा १९५६ चा. म्हणजे त्यानंतरच्या वारस फेरफारात मुलींची नावं यायला हवीत, असा आमचा अंदाज होता. आली होती. विधवा, तीन मुलगे, आणि मुलगी, तिच्या नवऱ्याचं नाव, राहणार पातूर. पुढच्याच वर्षीचा दुसरा फेरफार तिच्या हक्कसोडीचा. भावांच्या नावे हक्क सोडून दिला, नाव कमी केलं. एका बाईचं नाव वडलांच्या जमिनीवर येतं आणि वर्षभरात जातं, पण त्या येण्याजाण्यात ती दोनदा लिहिली जाते. माहेर आणि सासर एका ओळीत सांगणारा इतका चांगला कागद आम्हाला दुसरा माहीत नाही.

हे जुने फेरफार बघायला आता प्रत्येक वेळी तहसीलच्या रेकॉर्ड रूमला जावं लागत नाही. महाभूमीच्या अभिलेख संकेतस्थळावर जुन्या कागदांच्या स्कॅन केलेल्या प्रती मिळतात. राज्यात ज्या सात जिल्ह्यांपासून ती सोय सुरू झाली, त्यांत अकोला आणि अमरावती दोन्ही आहेत. गाव आणि गट किंवा सर्व्हे क्रमांक माहीत हवा, आणि थोडी चिकाटी. अक्षर कधी कधी असं असतं की पटवाऱ्याला पुन्हा बोलावून वाचून घ्यावंसं वाटतं.

दुसरा मोठा साठा म्हणजे कोतवाल बुक. विदर्भातल्या मंडळींना हे सांगायला नको, जातपडताळणीसाठी कुणी ना कुणी त्याची नक्कल काढलेलीच असते. गावातला जन्म, मृत्यू कोतवाल सांगायचा आणि तो त्यात चढायचा. पण एक लक्षात घ्या, जन्माच्या नोंदीत बहुधा बाळाचं नाव नसतं, अजून ठेवलेलंच नसतं. बापाचं नाव, जात, आणि मुलगा झाला की मुलगी, एवढंच. आम्ही आत्याआजीची नोंद शोधत होतो, आणि तिच्या व आजोबांच्या मध्ये आणखी दोन जन्म सापडले. एक मुलगा, एक मुलगी. दोघांच्या मृत्यूच्या नोंदीही पुढे काही पानांवर. मुलीची १९१८ च्या हिवाळ्यातली, इन्फ्लुएंझाच्या साथीत. घरात कुणाला ही दोन मुलं माहीत नव्हती. आत्यालाही नाही. अशा नोंदी भरताना नावाच्या जागी 'मुलगी' लिहू नका. यंत्रणा ते नावच समजते आणि जगभरच्या मुलींशी जुळवू लागते. नावाची जागा रिकामी ठेवा, आडनाव, लिंग, साल, गाव भरा, आणि कोतवाल बुकाचं पान पुरावा म्हणून जोडा.

जातपडताळणीचा विषय निघालाच आहे तर एक बोलतो, जरा स्पष्ट बोलतो. आपल्याकडे घरोघरी जी वंशावळ तयार आहे, ती बहुतेक ठिकाणी दाखल्यासाठी केलेली. इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा पुरावा लागतो, विमुक्त-भटक्यांसाठी २१ नोव्हेंबर १९६१, अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०. म्हणून माणूस काय करतो, तर अर्जदार, त्याचा बाप, आजोबा, पणजोबा असा सरळ वर चढतो, आणि चालेल असा एक कागद मिळाला की थांबतो. चुलते-बिलते लागलेच तर घेतो. बहिणींची गरजच पडत नाही. २०२३ मध्ये न्या. संदीप शिंदे समितीचं काम सुरू झाल्यावर कुणबी नोंदींसाठी रेकॉर्ड रूमा धुंडाळल्या गेल्या, अनेक जिल्ह्यांनी जुनी पानं स्कॅन करून ठेवली. अभ्यासकाला ही पर्वणीच आहे. पण त्यातून लोकांनी झाडावर जे चढवलं ते दाखल्यापुरतं. दोर आहे तो, झाड नव्हे. त्यामुळे ऑनलाइन झाडावर मुली 'गायब' आहेत असं वाटतं तेव्हा एक शक्यता ही पण धरा, की त्या कधी भरल्याच नव्हत्या. बदलांची यादी पाहिली की दोन मिनिटांत कळतं.

आणि भरल्या तरी कोणत्या नावानं? वंशावळीचा जगभरचा रिवाज असा की बाई माहेरच्या आडनावानं नोंदवायची. आपल्याकडे सून आणली की सासरच्या नावानं लिहितात, त्यात लग्नात नाव बदललेलं. आनंदीबाई जोशी माहेरी यमुना होत्या हे आपण शाळेत शिकलो, पण स्वतःच्या पणजीचं माहेरचं नाव विचारा, घरात शांतता होते. माहेरची मंडळी एका नावानं शोधतात, सासरची दुसऱ्या, दोन नोंदी होतात आणि एकमेकींना भेटत नाहीत. मुख्य नाव जन्माचं ठेवा, बाकीची 'इतर नावं' या रकान्यात घाला. सासरचं, हाक मारायचं, देवनागरीतलं, इंग्रजीतली तीन स्पेलिंगं, सगळं.

आता असे नातेवाईक, जे झाडावर आहेत पण तुम्हाला दिसत नाहीत. हे थोडक्यात. हयात म्हणून नोंदवलेला माणूस साधारणपणे भरणाऱ्यालाच दिसतो. अकोल्याच्या भावानं काकांना हयात म्हणून भरलं, काका वारले, त्यानं नोंद बदलली नाही, तर अमरावतीत तुम्हाला काका नाहीतच. एक फोन करा, मृत्यूची तारीख भरायला सांगा. तसंच दत्तकाचं. एका माणसाला दोन आईबाप जोडता येतात, जन्मदाते आणि दत्तक, नातं कोणतं तेही लिहिता येतं. पण झाडाच्या चित्रात एकच जोडी पुढे दिसते. दुसरी बायको असेल तरीही तेच, पहिलीची मुलं मागे जातात. माणसाचं स्वतःचं पान उघडा, तिथे सगळे सापडतील. मुलगा घरातच दत्तक दिला असेल, काकाला किंवा आत्याला, तर दोन्ही दुवे ठेवा. एक ठेवून दुसरा तोडणारा कुणीतरी येतोच, म्हणून कारणाच्या जागी दत्तकपत्राचा उल्लेख करा.

मामाच्या घरी वाढलेल्या मुलांचं एक निराळंच. गाडगेबाबांचं उदाहरण सगळ्यांना माहीत आहे म्हणून घेतो. डेबूजी झिंगराजी जानोरकर, जन्म २३ फेब्रुवारी १८७६, अमरावती जिल्ह्यातलं शेंडगाव. वडील लवकर गेले, आई सखुबाई मुलाला घेऊन माहेरी गेली, अकोला जिल्ह्यात मूर्तिजापूरजवळ दापुऱ्याला. मुलगा तिथेच वाढला. आता कल्पना करा की हा माणूस पुढे संत झाला नसता, साधा शेतकरीच राहिला असता. दापुऱ्याच्या कागदात तो मामाच्या घरातला मुलगा दिसला असता, शेंडगावच्या घराण्यात त्याचा पत्ता नसता, आणि शंभर वर्षांनी कुणीतरी त्याला मामाचा मुलगा म्हणून झाडावर बसवलं असतं. इतका प्रसिद्ध माणूस असूनही लोक गाडगे हे आडनाव समजतात, ते निराळं. तेव्हा तुमच्या आजोबांचा एखादा भाऊ शेजारच्या जिल्ह्यात सापडत नसेल तर पणजीच्या माहेरच्या गावात शोधा. १८९९-१९०० चा दुष्काळ, मग प्लेग, मग साथ, या वर्षांत कितीतरी विधवा लेकरं घेऊन माहेरी परतल्या.

वेळ संपत आलाय, दोन-तीन प्रश्न घेऊ.

एकांनी विचारलंय, परत आणलेला माणूस पुन्हा जाऊ नये म्हणून काय? कुलूप लावता येत नाही. पण त्या माणसाला 'फॉलो' केलं की बदल झाल्यावर ई-मेल येतो, तो वाचा. पुरावा जोडलेल्या नोंदीला हात लावायला लोक कचरतात. आणि चुकीची जुळणी सुचवली जात असेल तर 'ही ती नव्हे' असं नोंदवून ठेवा. आम्ही आत्याआजी आणि कारंज्याची बाई यांच्यात तसं नोंदवलंय, आणि दोघींच्या पानांवर मराठीत नि इंग्रजीत टिपण लिहिलंय. कारंज्याच्या पणतूनं त्याच्या बाजूचं टिपण स्वतः लिहिलं.

त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यायांच्या वह्यांबद्दल प्रश्न आहे. उपयोगी आहेत, आडनाव आणि मूळ गाव सांगितलं की पूर्वी येऊन गेलेल्यांची नावं निघतात. मात्र तिथेही बहुतेक पुरुषच. हरिद्वारच्या पंड्यांच्या वह्यांचं मायक्रोफिल्मिंग फॅमिलीसर्चवाल्या संस्थेनंच केलेलं आहे, वऱ्हाडातून कुणी यात्रेला गेलं असेल तर बघायला हरकत नाही.

शेवटचा प्रश्न, नाव न लिहिता आलाय, पण तो आम्हाला महत्त्वाचा वाटतो. लिहिलंय, 'बहिणींची नावं आमच्यातल्याच एकानं मुद्दाम काढली आहेत. त्याचं म्हणणं, शेतीचा वाद चालू आहे, ऑनलाइन वंशावळीत नावं दिसली तर त्या हिस्सा मागतील. काय करावं?'

हे आम्ही याआधीही ऐकलंय. तर पहिली गोष्ट, मुलीचा हक्क वंशावळीनं येत नाही आणि तिथून नाव काढल्यानं जात नाही. तो २००५ च्या दुरुस्तीनं आलाय, आणि ११ ऑगस्ट २०२० ला विनीता शर्मा खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं तो जन्मानं मिळतो असं सांगितलंय. कुणी वकील झाडाचा प्रिंट काढून दावा जिंकणार नाही, तो तलाठ्याकडचे कागद काढेल, आणि तिथे नावं आहेतच. जुन्या हक्कसोडीचं काय, ताब्याचं काय, हे वकिलाला विचारा, आम्हाला नको. दुसरी गोष्ट झाडापुरती. बदलांच्या यादीत ते काढणं तारखेसह आणि काढणाऱ्याच्या खात्याच्या नावासह नोंदलं गेलंय, ते आता कुणालाच पुसता येत नाही. तुम्ही दुवा परत जोडा, फेरफाराची प्रत लावा, कारण एका ओळीत लिहा. त्या भावाशी यादीत भांडू नका, घरी जाऊन बोला.

आमच्या आत्याला आम्ही सगळं झाल्यावर अकोल्याला जाऊन दाखवलं. आईचं नाव पाहिलं, मामांची पाहिली. मग त्या दोन बिननावाच्या चौकटींवर बोट ठेवून विचारलं, हे कोण? सांगितलं. बराच वेळ पाहत राहिली आणि म्हणाली की आई कधी कधी म्हणायची, "माह्या पाठची होती एक." नाव काय ते आईनं सांगितलं होतं का, हे तिला आठवत नाही. आठवलं तर फोन करते म्हणाली. ती जागा आम्ही रिकामी ठेवली आहे.